कुतूहलाचे दिवस (लेखांक 6) : सावली नाहीशी होते तो दिवस

मागच्या लेखांकात 14 मार्चचा ‘पाय दिन’ पाहिला. 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात तो सुरू झाला आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून 3.14 जुळून आलं. आपण तारीख आधी लिहितो, तेव्हा आपल्याला 22 जुलै (22/7) जास्त सोयीचा. गंमत आहे खरी, पण ती माणसांनी ठरवलेली; तारीख बदलली म्हणून वर्तुळाचं काही बिघडत नाही. मुलांच्या कॅलेंडरवर एकाच विशेष दिवसाभोवती लाल पेनने गोल करायचा असेल, तर माझ्या मते तो शून्य सावली दिवस असावा. तो कुणाच्या ठरावाने येत नाही, गावागणिक त्याची तारीख बदलते आणि आपल्या गावची तारीख बरोबर की चूक हे अंगणातच तपासता येतं.

‘बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असं आपण सर्रास म्हणतो. वर्षातले दोन दिवस सोडले, तर आपल्याकडे तो बरोबर डोक्यावर कधीच नसतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे तर ते दोन दिवसही वाट्याला येत नाहीत. उत्तरायणात सरकत सरकत सूर्य 6-7 मेच्या सुमारास कोल्हापूरच्या माथ्यावर येतो, 13-14 मेला पुण्याच्या, एक-दोन दिवसांनी मुंबईच्या आणि 26 मेच्या आसपास नागपूरच्या. वेळही बाराची नव्हे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. म्हणून पुण्याचा खरा मध्यान्ह त्या दिवशी 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमाराला होतो, नागपूरचा 12 वाजून 10-11 मिनिटांना. त्या वेळी सपाट जागी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, एरवी ती उत्तरेकडे असते. हे मोठ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही.

काटेकोर माणसं म्हणतील, सावली पुरती शून्य होतच नाही. बरोबर आहे. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो; शिवाय तो नेमका माथ्यावर येण्याचा क्षण तुमच्या मध्यान्हालाच गाठेल असं नाही. पण चूक किती पडते ते पाहा. ओळंबा लावून एक मीटरची नळी सरळ उभी केली आणि तारीख एका दिवसाने हुकली, तर सावली जेमतेम 4 मिलिमीटर निघते. वेळ चार मिनिटांनी हुकली, तर मात्र दीड सेंटिमीटरहून जास्त. म्हणजे इथे तारखेपेक्षा घड्याळ महत्त्वाचं, आणि हे ज्या मुलाला स्वतः मोजून कळलं त्याला ‘अचूक’ म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. दुसरी तक्रार उन्हाची आणि सुट्टीची. उन्हात दहा मिनिटं टोपी घालून उभं राहता येतं (सूर्याकडे मात्र बघायचं नाही), आणि शाळा बंद असल्याने या प्रयोगाला मार्क नाहीत, हे चांगलंच. जुलै-ऑगस्टमधली दुसरी संधी बहुतेक ढगांत जाते, त्यामुळे मे सोडून चालत नाही.

‘एवढं करून हाती काय लागतं?’ हा आक्षेप उरतो. इरॅटोस्थेनिसने अलेक्झांड्रियात हेच केलं होतं: दूर दक्षिणेला सायनी गावात सूर्य माथ्यावर असताना आपल्याकडची सावली मोजून त्याने पृथ्वीचा घेर काढला. कोल्हापूरच्या शून्य सावलीच्या दिवशी पुण्यात तीन मीटरची नळी उभी करा. मध्यान्ही सुमारे साडेनऊ सेंटिमीटर सावली मिळेल. त्याचा कोन निघतो 1.8 अंश आणि दोन शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर आहे सुमारे 200 किलोमीटर. 360 ला 1.8 ने भागून 200 ने गुणलं की 40,000 किलोमीटर. सावली मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर पृथ्वी दोन हजार किलोमीटरने लहानमोठी होते. तेव्हा पट्टी धरायला दुसरा भिडू हवाच.