वखारीतील विजेवरचा उचलमंच : लाभ आणि मर्यादा

व्यापाऱ्याचे लक्ष सामान्यतः वखारीतील मालाकडे असते. तिच्या उंचीकडे ते क्वचितच जाते. तथापि दिवे बदलणे, पंखे पुसणे, छपराखालील तारा तपासणे ही कामे उंचीवरच करावी लागतात, आणि त्यांसाठी आपल्या पुष्कळ वखारींत अद्यापि शिडी किंवा पोत्यांची थप्पी हाच आधार असतो. शिडी धरणाऱ्याचे लक्ष क्षणभर चळले, तर वरच्या माणसाच्या हाडाबरोबर त्याच्या घरचा संसारही मोडतो.

या कामासाठी ज्यास व्यवहारात ‘सिझर लिफ्ट’ म्हणतात, तो बॅटरीवर चालणारा उचलमंच आता सर्वत्र रूढ झाला आहे. कात्रीसारख्या पोलादी पट्ट्या उलगडून कठड्याचा मंच वर जातो. त्याचा नेहमीचा लहान प्रकार सुमारे 19 फूट उंच चढतो व सुमारे 230 किलो भार पेलतो. बंद जागेत त्याचा धूर होत नाही, आवाज बेताचा असतो. डाग न पाडणारी चाके असल्यास फरशीही स्वच्छ राहते. धान्य, मसाले वा कापड यांच्या व्यापाऱ्यास हा लाभ लहान नव्हे. शिवाय माणसाचे दोन्ही हात कामास मोकळे राहतात.

परंतु मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. हे यंत्र स्वतःच सुमारे दीड टन वजनाचे असते व तो सारा भार चार लहान चाकांवर येतो. म्हणून गटारावरील फरशी, लाकडी माळा अथवा जुनी पोकळ जमीन त्याखाली खचू शकते. उताराच्या जागी ते कलंडण्याचे भय असते. केवळ आतल्या वापरासाठी बनविलेले यंत्र वाऱ्यात उभे करणे धोक्याचे होय. शिसे-आम्लाची बॅटरी बहुधा रात्रभर भारित करावी लागते, तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. भारित होताना हायड्रोजन वायू सुटतो, यास्तव ती जागा हवेशीर व ठिणगीपासून दूर असावी. विजेच्या उघड्या तारांपासून हे यंत्र माणसाचे रक्षण करीत नाही.

आणखी एक मोह टाळावा. हा मंच माणसांसाठी आहे, माल चढविण्यासाठी नव्हे. दोन माणसे व 50 किलोचे एक पोते एवढ्यानेच त्याची मर्यादा जवळ येते.

आमच्या मते, उंचीवरचे काम वर्षातून दोन-चार वेळाच निघत असेल, तर यंत्र भाड्याने आणावे. एका पेठेतील चार पेढ्यांनी एकाच दिवशी आणल्यास ने-आणीचा खर्चही वाटला जाईल. नित्याचे काम असणाऱ्यांनी ते अवश्य विकत घ्यावे. मात्र दोहोंपैकी काहीही केले, तरी चालविणारा शिकलेला असावा, आणि मंच अडकल्यास तो खालून कसा उतरवावा हे जमिनीवरील एकास तरी ठाऊक असावे. यंत्राची किंमत हिशेबाच्या वहीत लिहिता येते. आपल्या भरवशावर वर चढलेल्या माणसाची किंमत कोणत्या खात्यात लिहावी, हे सभासद बंधूंनीच ठरवावे.