जांघेतल्या गाठीत काय आहे?

“अवधाण आलंय, शेकलं की बसेल,” असं आजी म्हणते. तान्ह्या मुलीच्या जांघेतली ती गाठ हाताला बोराएवढी लागते, दुखत नाही, बाळ दूधही नीट पितं. तरीही मी सोनोग्राफी लगेच करते, कारण ही गाठ हर्निया असू शकते आणि मुलींच्या हर्नियात नेहमी आतडंच उतरतं असं नाही. साधारण पाच-सहा जणींमागे एकीत हर्नियाच्या पिशवीत बीजांडकोश असतो.

गर्भात पोटाच्या अस्तराची एक बारीक नळी जांघेकडे उतरते. १६९१ मध्ये डच शरीरशास्त्रज्ञ अँटन नुक यांनी तिचं वर्णन केलं. ती बुजली नाही, तर पोटातला अवयव खाली सरकायला वाट मिळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे जास्त आढळतं.

जेल कोमट करून घ्यायचं, बाळ आईजवळच ठेवायचं. त्वचेखालचं बारीक दाखवणारा सपाट प्रोब अलगद टेकवायचा. अवधाण, म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी, असेल तर घेवड्याच्या दाण्याचा आकार आणि मध्ये पांढुरका गाभा दिसतो. नुसतं पाणी पूर्ण काळं दिसतं. आतडं वळवळतं, त्यातली हवा चमकते. बीजांडकोश मात्र स्थिर, लंबगोल असतो आणि त्यात बारीक काळे ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे बीजपुटकं; आईच्या संप्रेरकांमुळे ती नवजात मुलीतही दिसतात.

एरवी रडणारं बाळ तपासणं अवघड, पण इथे रडणं उपयोगी पडतं. पोटातला दाब वाढतो, बंद वाटणारी वाट उघडते आणि अवयव खाली येताना दिसतो. मग कलर डॉप्लरने रक्तप्रवाह बघायचा. प्रवाह दिसला तरी बीजांडकोशाला पीळ नाहीच, अशी खात्री देता येत नाही. दुसरी जांघ आणि ओटीपोटही तपासायचं. ठिपके नसलेली एकसंध ग्रंथी दिसली आणि गर्भाशय सापडलं नाही, तर ते वृषण असू शकतं. अशा वेळी गुणसूत्रांची तपासणी लागते.

अवयव कोणता, रक्तपुरवठा कसा, दुसरी बाजू कशी, हे रिपोर्टात स्पष्ट हवं. शस्त्रक्रिया किती लवकर करायची, हे बालशल्यचिकित्सक त्यावरूनही ठरवतात.

आईला मी एवढंच सांगते: “ताई, गाठ दाबून आत ढकलू नका, शेकू नका. दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढा. दवाखान्यात येईपर्यंत ती नाहीशी होऊ शकते. गाठ कडक, लाल झाली किंवा बाळ उलट्या करू लागलं, तर रात्र असली तरी थेट घेऊन या.”