आंगठ्याचा ठसा आणि श्रेयाचा वाद

मराठी अमदानींतील जुन्या कागदांच्या शेवटीं कोठें नांगराची, कोठें कट्यारीची निशाणी आढळते. निरक्षर कुणबी नांगर काढून संमति देई. ती निशाणी त्याच्या पेशाची, देहाची नव्हे; तिची सारी भिस्त साक्षीदारांवर. पुढें तिची जागा ‘निशाणी डाव्या हाताचा आंगठा’ या शब्दांनीं घेतली. हा पालट प्रथम घडला बंगालमध्यें, आणि त्याचें श्रेय कोणाचें याविषयीं अद्यापि एकमत नाहीं.

सन १८५८ च्या जुलैंत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराशीं रस्त्याच्या खडीचा करार केला व कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. यांत शास्त्र कांहीं नव्हतें. कोनाईनें पुढें सही नाकारूं नये म्हणून त्याला धाक बसावा, एवढाच हेतु होता, असें हर्शेलनेंच लिहून ठेविलें आहे. उठावाची धामधूम पुरती शमली नव्हती. राज्यकर्त्यांचा रयतेच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. सन १८७७ मध्यें हुगळीस त्यानें निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी व तुरुंग यांत ठसे चालू केले. सन १८८० मध्यें जपानांत राहणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरानें ठशांवर पत्र छापलें, आणि दोघांत अग्रमानाचा तंटा जुंपला.

परंतु खरी अडचण निराळीच होती. ठसे लाखांनीं जमले, तर हवा तो शोधावा कसा? हें कोडें कलकत्त्यास पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या कचेरींत सुटलें. गणिती अझिझुल हक यांनीं दहा बोटांच्या पांच जोड्या पाडल्या. ज्या बोटावर चक्र, त्यास जोडीच्या क्रमानें १६, ८, ४, २ किंवा १ गुण. चक्र नसल्यास शून्य. प्रत्येक जोडींतील एका बोटाचे गुण अंशांत, दुसऱ्याचे छेदांत मिळवून दोहोंत एक एक वाढवावा. एकहि चक्र नसेल तर १/१, सर्व बोटांवर असेल तर ३२/३२. एकूण कप्पे १०२४. हेमचंद्र बोस यांनीं पोटवर्ग पाडले. सन १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांचें दप्तर उघडलें, आणि १९०१ मध्यें लंडनच्या पोलिसांनीं हीच रीत उचलली. नांव मात्र पडलें ‘हेन्री पद्धति’!

हेन्रीच्या वतीनें सांगतात कीं योजना व अधिकार त्याचे होते. तें खरें आहे. पण अधिकारानें गणित सुटत नाहीं. हक यांच्या कामगिरीची कबुली पुढें हेन्रीनें दिलीच. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर. पद्धतीचें नांव तेवढें बदललें नाहीं.

ट्रान्सवालमध्यें सरकारनें हिंदी लोकांकडून दाही बोटांचे ठसे मागितले, तेव्हां तें गुन्हेगाराचें लक्षण मानून लोक खवळले. १९०८ च्या ऑगस्टांत गांधीजींच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं परवाने जाळले.

सन २०१० च्या सप्टेंबरांत नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं आधार योजनेचा आरंभ झाला. तींत दहाहि बोटें व दोन्ही बुबुळें नोंदलीं जातात, आणि दूरच्या संगणकाकडून क्षणांत ओळख पटते. मात्र खडी फोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. स्वस्त धान्याच्या दुकानांत असा मजूर यंत्रावर बोट पुनःपुन्हां टेकवितो, आणि तो तोच आहे हें सारा गांव जाणत असतां यंत्र तेवढें नाकारतें.