ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी गेमचा वेग तेवढाच. असं का होतं?

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घरात आला की थोड्याच दिवसांत पुढचा प्रश्न उभा राहतो, ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा किंवा ऑनलाइन बघा, मध्यम दर्जाच्या नव्या कार्डासाठी साधारण तीस ते पन्नास हजार रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे घालून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सुरू करावा आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम्स, जेमतेम दहा-वीसने वाढाव्यात, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. कार्डात काही दोष नसतो. अडथळा दुसरीकडेच असतो.

मिलिसेकंदांचा हिशोब

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका फ्रेमसाठी कॉम्प्युटरला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झला ही मुदत ६.९ मिलिसेकंदांवर येते आणि २४० हर्ट्झला फक्त ४.२ वर.

या मुदतीत दोघांना आपापलं काम उरकावं लागतं. खेळाडू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, सर्व्हरकडून काय माहिती आली, हे प्रोसेसर ठरवतो. त्यावरून चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो.

ई-स्पोर्ट्सचे गेम बहुतेक जण १०८०पी रिझोल्युशनवर, सेटिंग्ज कमी ठेवून खेळतात. त्यामुळे कार्डाचं काम हलकं होतं, पण प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणून २४० एफपीएस गाठताना बहुधा आधी दमतो तो प्रोसेसर.

अडलंय कोण, हे कसं ओळखायचं?

व्ही-सिंक आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, नेहमीचा गेम सुरू करा आणि एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड बदलण्यात अर्थ आहे. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. इथे अनेकांची फसगत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्केच दिसतो, म्हणून तो मोकळा आहे असं वाटतं. पण तो आकडा सगळ्या कोअर्सचा मिळून असतो. गेमचं मुख्य काम एक-दोन कोअर्सवरच पडतं आणि ते पूर्ण भरलेले असू शकतात.

अजून शंका असेल, तर रिझोल्युशन ७२०पीवर आणा. एफपीएस वाढलाच नाही, तर कार्डाचा प्रश्नच मिटला.

२०१९ मधली एक लोकप्रिय जोडी घ्या. रायझन ५ ३६०० आणि जीटीएक्स १६६० सुपर. या मशीनवर सायबरपंक २०७७ खेळायचा असेल, तर कार्डच बदलायला हवं. पण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २४० हर्ट्झ हवे असतील, तर त्याच मदरबोर्डवर बायोस अपडेट करून बसणारा रायझन ७ ५७००एक्स३डी मिळतोय का, ते आधी बघावं. त्यात ९६ एमबी एल३ कॅश आहे, ३६०० मध्ये ३२. गेमला सतत लागणारा डेटा प्रोसेसरच्या हाताशी राहतो, त्यामुळे फरक पडतो. आणि रॅमची एकच पट्टी लावलेली असेल, तर दुसरी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

कार्डच घ्यायचं ठरलं तर

१४४०पीमध्ये १०८०पीच्या तुलनेत पिक्सेल जवळपास पावणेदोन पट असतात. तिथे भार खरोखर कार्डावर येतो. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतात. नाव तेच असल्यामुळे घाईत ८ जीबीचं कार्ड गळ्यात पडतं. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याला ते पुरेल. नवे मोठे गेम खेळायचे असतील, तर १६ जीबीचंच घ्यावं, कारण मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो.

जाहिरातीतले आकडे मात्र जपून वाचा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल, असं सांगितलं. त्यामागे फ्रेम जनरेशन होतं. खऱ्या दोन फ्रेम्सच्या मध्ये एआयने तयार केलेल्या तीनपर्यंत फ्रेम्स घातल्या जातात. चित्र गुळगुळीत दिसतं, पण तुमच्या माउसच्या क्लिकला गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेम्सच्याच वेगाने, किंबहुना किंचित उशिराच. कथा असलेल्या गेमसाठी ठीक. समोरच्याच्या आधी गोळी झाडायची असेल, तर उपयोग नाही.

पैसे खर्च करण्याआधी

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वरच चालल्याची उदाहरणं कमी नाहीत. केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लावलेली हवी, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टची. त्यानंतर एसएमपीएस. १६६० सुपर १२५ वॉटचं कार्ड आहे, ५०६० टीआय १८० वॉटचं, आणि त्यासाठी कंपनी ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचं कार्ड मावतं, तेही टेपने मोजून घ्या.