पहिले न झोंबणारा ठेचा आता झोंबतो? घास तोंडातून पोटात जाईपर्यंत काय होतं, ते समजून घ्या

अमरावती/अकोला : कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडचं खाणं म्हणजे सगळा घाईचा कारभार. सकाळी कोरा चहा, शिदोरीत भाकर-ठेचा, मधल्या वेळात दाढेखाली खर्रा आणि संध्याकाळी कंबर धरली की मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी. मग "छातीत लय जळजळते बा" हे घरोघरी ऐकू येतं. दोष मात्र बिचाऱ्या मिरचीवर जातो. खरा दोष कुठं आहे, ते घासाच्या वाटेनं गेलं की कळते.

पचन पोटात सुरू होतं असं बहुतेकांना वाटतं. ते तोंडातच सुरू होतं. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा, भाजी न लावता, मिनिटभर चावून पाहा. हळूहळू गोडसर लागतो. लाळेत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असते, ते पिठातल्या स्टार्चची साखर करायला घेते. कानाजवळ, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ त्या तयार करतात. घास नीट न चावता पाण्याच्या घोटासोबत ढकलला, की दातांचं काम पोटावर पडते. पोटाला दात नाहीत.

आता खर्ऱ्याचं. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला हा माल तासन् तास गालात राहतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा गावोगावी घोटला जातोच. यात तंबाखू वाईट हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारीला मात्र लोक साधी समजतात. ती साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर दोरीसारखं कडक होत जाते. पहिली खूण अशी की, वर्षानुवर्षं चालणारा ठेचा अचानक सहन होत नाही, तोंडाची आग होते. नंतर तोंड उघडणं कमी होते. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, पाहा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. कडक झालेलं अस्तर पहिल्यासारखं सहसा होत नाही, त्यातून पुढं कर्करोगही होऊ शकतो. पण सुपारी लवकर सुटली तर बिघाड तिथंच थांबण्याची शक्यता चांगली असते.

तोंडातून घास अन्ननलिकेत येतो. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते; बोलता-हसता जेवलं की कधी ते चुकते अन् ठसका लागतो. अन्ननलिका जवळपास २५ सेंटिमीटर लांब. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, नळीचे स्नायू त्याला लाटेसारखे पुढं ढकलतात. पोटाच्या तोंडाशी एक स्नायूची गाठ आहे. ती ढिली झाली की पोटातलं ॲसिड वर येते, तीच छातीतली जळजळ. रात्री गच्च जेवून लगेच आडवं झालं, तंबाखू, विडी, दारू असली की हे वाढते. घास वारंवार अडकत असेल, वजन उतरत असेल तर सोड्यावर दिवस काढू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि जळजळ चालताना, डवरताना वाढत असेल, घाम सुटत असेल, हात किंवा जबडा भरून येत असेल, तर ते पोट नसून हृदय असू शकते. अशा वेळी आधी ईसीजी.

पोट ही स्नायूंची पिशवी, जेवण झालं की एक ते दीड लिटर सहज मावते. आत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते जंतू मारते आणि पेप्सिन या द्रव्याला जागं करते. पेप्सिन मग तुरीच्या वरणातली, अंड्या-मटणातली प्रथिनं तोडते. दोन-चार तास घुसळून अन्नाची पातळ पेज होते आणि थोडी थोडी आतड्यात सुटते. तेलकट असलं की उशीर, म्हणून सकाळच्या आलुबोंड्यानंतर दुपारपर्यंत जड वाटते.

एवढं तिखट ॲसिड पोटालाच का खात नाही? कारण आतून चिकट द्रवाचा लेप असतो. दुखण्याच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या हाच लेप पातळ करतात. जेवून घेतल्या म्हणजे धोका संपला, असंही नाही. गोळी रक्तात गेल्यावरही हा परिणाम करते. रोज घेणाऱ्याला अल्सर होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर आतून रक्त जात असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अल्सरचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो पोटात राहतो हे दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी तर स्वतःच तो पिऊन पाहिला होता. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. याच्यावर औषधांचा कोर्स आहे, मात्र तो मधात सोडायचा नाही. मिरचीनं जळजळ वाढते, पण अल्सर सहसा या दोन कारणांनी होतो.

शेवटी एक गोष्ट, शेतातल्या घरात ती ठाऊक पाहिजेच. फवारणीचं औषध, रॉकेल किंवा संडास धुवायचं ॲसिड कोणाच्या पोटात गेलं, की आपल्याकडे मिठाचं पाणी पाजून उलटी काढतात. असं करू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल किंवा औषध उलटीतून फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन लावा, डबा किंवा बाटली सोबत घ्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. बाटलीवरचं नाव वाचल्यावर डॉक्टरला उपचार ठरवायला सोपं जाते.