बाळंतिणीच्या खोलीतले संशोधन

नवजात बाळाला घरातच वाचवता येते, हे गडचिरोली जिल्ह्यातील संशोधनाने जगाला आकड्यांनिशी दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत हा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळंतपणाला हजर राहणे, बाळाचे वजन आणि ताप पाहणे, त्याला ऊब देणे, श्वास अडल्यास हवा भरणे ही त्यांची कामे. जंतुदोष झाल्यास त्या जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. वादाचा मुद्दा नेमका हाच ठरला. आई-आज्यांना शिकवणे हाही उपचारांइतकाच महत्त्वाचा भाग होता. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

याआधी, १९८९ मध्ये, राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के. पुढे नवजात बाळांच्या त्या प्रयोगाच्या धर्तीवर, २०११ पासून सरकारी योजनेतील ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची घरोघरी देखभाल देशभर सुरू झाली.