टंगस्टनमधील ट्रिटियम: अडकते कसे, सुटते कसे?

फ्रान्समध्ये कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या इटर या संलयन यंत्रात भारतही भागीदार आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन समस्थानिक त्याचे इंधन. ट्रिटियम किरणोत्सारी असल्यामुळे यंत्राच्या पात्रात ते सुमारे १ किलोग्रॅमपेक्षा जास्त साठू द्यायचे नाही, अशी मर्यादा आहे. त्यामुळे भिंतीच्या धातूत ट्रिटियम किती अडकते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पॅलॅडियममध्ये हायड्रोजन विरघळताना ऊर्जा बाहेर पडते. टंगस्टनमध्ये उलट आहे: दर अणूमागे सुमारे १ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा खर्ची घालावी लागते. म्हणून निर्दोष टंगस्टनमध्ये हायड्रोजन जवळजवळ टिकतच नाही. प्लाझ्मातील वेगवान आयन आत घुसले, तरी जालकातल्या पोकळ्यांतून उड्या मारत ते लवकर बाहेर येतात.

पण निर्दोष धातू पुस्तकातच असतो. प्रत्यक्षात स्फटिककणांच्या सीमा असतात, ओळी सरकलेल्या असतात, काही अणूंच्या जागा रिकाम्या असतात. संलयनातले न्यूट्रॉन अशा रिक्त जागा आणखी निर्माण करतात. हेच सापळे.

सापळ्यात अणू सरासरी किती वेळ राहतो? सापळ्याच्या ऊर्जेला बोल्ट्झमन स्थिरांक आणि केल्विन तापमान यांच्या गुणाकाराने भागा, येणाऱ्या आकड्याचे घातांकी फल काढा आणि त्याला अणूच्या कंपनसंख्येने (सेकंदाला सुमारे १० चा १३ वा घात) भागा. ०.८५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सापळ्यासाठी ३०० केल्विनला उत्तर येते सुमारे २० सेकंद. रिक्त जागेचा सापळा साधारण १.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल असतो. त्याचे उत्तर सुमारे १००० वर्षे! ऊर्जा दुप्पटही झालेली नाही. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे बहुतेक अणू बाहेर पडण्याआधी तिथेच हेलियम-३ होतील. तोच सापळा ८०० केल्विनला अणूला सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाइतकाही धरून ठेवत नाही. ही आकडेमोड वहीत एकदा स्वतः कराच.

प्रयोगात नमुना निर्वातात ठरावीक गतीने तापवतात आणि बाहेर येणारा वायू मोजतात. आलेखात शिखरे दिसतात. शिखराच्या तापमानावरून सापळ्याची ऊर्जा थेट लिहून टाकणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. सुटलेला अणू पृष्ठभागाकडे जाताना पुढच्या सापळ्यात पुन्हा अडकू शकतो. त्यामुळे सापळे दाट किंवा खोलवर असतील, तर शिखर जास्त तापमानाकडे सरकते. शिवाय पृष्ठभागावर दोन अणूंची जोडी जुळून रेणू बनावा लागतो, तेव्हाच वायू बाहेर पडतो.

भिंत फार तापवता येत नसेल, तर दुसरा उपाय आहे. एका रिक्त जागेत हायड्रोजनचे अनेक अणू मावतात, पण गर्दी वाढली की प्रत्येकाची पकड सैल होते. सापळ्याला समस्थानिकांमध्ये फारसा फरक जाणवत नाही. म्हणून धातूत ड्यूटेरियम भरत राहिले, की सुटलेल्या ट्रिटियमची जागा ड्यूटेरियम घेते. पृष्ठभागाजवळ हा बदल झटपट होतो. खोलवरच्या सापळ्यांपर्यंत मात्र ड्यूटेरियमला सापळ्यांमागून सापळे भरतच जावे लागते.